मदत हवी आहे: दाढ प्रचंड ठणकतेय, डॉक्टर परवा भेटणार (सोलापूर)

होटगीरोडकर
कालपासून दाढ भयंकर ठणकतेय. संक्रांतीमुळे नेहमीचा दवाखाना बंद, परवाची वेळ मिळालीय. लवंग धरून झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू आहेत. कॉम्बिफ्लामने दोन-तीन तास बरं वाटतं, परत तेच. आडवं झालं की जास्त. याहून जोरकस गोळी कुठली? पटकन सांगा. डॉक्टरकडे जा असं सांगू नका, ते माहीत आहे.

हुरडापार्टी
अख्खी लवंग धरून उपयोग नाही. लवंगेचं तेल आणा, कापसाच्या बोळ्यावर एकच थेंब, बोळा फक्त किडलेल्या खड्ड्यात. गिळू नका. माझी अक्कलदाढ यावरच निभावली.

चाटीगल्ली
लसूण ठेचून दाढेत दाबा आणि वरून गरम विटेचा शेक द्या. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या हेच चालतं. गोळ्यांनी पोट बिघडतं.

औषधदुकान_बार्शी
लसणाने हिरडी भाजते. ॲस्पिरिन चुरून लावणारेही येतात, त्यांच्या हिरडीवर पांढरा चट्टा पडलेला असतो. शेक तर अजिबात नको, आत पू असेल तर सूज वाढते. बाहेरून गालावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा, १५ मिनिटं धरायचा, मग थांबायचं. झोपताना दोन उशा घ्या. आणि वय किती? सूज आहे? दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत?

चाटीगल्ली
आम्ही शेकतच मोठे झालो ओ. कुणाला काही झालं नाही.

मंगळवेढा_ज्वारी
दाढेने खाता येत नसेल तर कडक भाकरी दुधात कुस्करून द्या. भोगीची बाजरीची भाकरी आणि तिळगुळाच्या वड्या बंद. गोड त्या खड्ड्यात गेलं की कळ डोक्यात जाते.

पेठेतली_सून
मिश्री लावता का? आमच्याकडे सासूबाईंच्या हिरड्या मिश्रीने पार गेल्या. लोक म्हणतात दुखणं थांबतं. तंबाखूने नुसतं बधिर होतं, आत कीड चालूच राहते. आधी ती सोडा.

होटगीरोडकर
मिश्रीचा विषय नाही. वय ६७. आईची दाढ आहे, डाव्या बाजूची खालची शेवटून दुसरी. शुगर आहे, त्याची गोळी घेते. गोळीचं नाव सांगा ना कुणीतरी.

सिव्हिललाइन
घरात अमॉक्सिसिलिन ५०० उरली असेल तर सुरू करा. मला एका दिवसात आराम पडला होता.

औषधदुकान_बार्शी
कृपया असं सांगू नका. दाताच्या नसेला सूज असेल तर अँटिबायोटिकने कळ थांबत नाही. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का, हेही माहीत नाही. उरलेला अर्धा कोर्स तर नकोच. होटगीरोडकर, शुगरच्या गोळीशिवाय आणखी काय चालू आहे? बीपी? हृदयाचं काही?

होटगीरोडकर
मागच्या वर्षी स्टेंट टाकलाय. रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या आहेत. त्याचा दाढेशी काय संबंध?

दातांचा_डॉक्टर
फार संबंध आहे. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिग्रॅ आयबुप्रोफेन आणि ३२५ मिग्रॅ पॅरासिटामॉल असतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर आयबुप्रोफेन घेतलं की पोटात रक्तस्राव व्हायची भीती असते आणि किडनीवरही ताण येतो. आत्तापासून ती बंद. यकृताचा त्रास नसेल तर नुसती पॅरासिटामॉल, ५०० किंवा ६५०, दर सहा तासांनी. सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, तेही मोजा. एकूण दिवसाला ३ ग्रॅमच्या वर नको. आणि दाढ काढायची म्हणून रक्त पातळ करायच्या गोळ्या तुमच्या मनाने बंद करू नका, स्टेंट बंद पडू शकतो. आता हे सांगा: सूज, ताप, गिळायला त्रास? तोंड पूर्ण उघडतं?

सातरस्ता
हृदयाचं दुखणंही कधी कधी डाव्या जबड्यात येतं. चालताना वाढतं का? घाम, दम?

होटगीरोडकर
घाम, दम काही नाही. दाढेवर बोट लागलं तरी ओरडते, दुखणं दाढेचंच आहे. सूज आहे, दुपारपर्यंत गालावर होती, आता जबड्याखाली आली आहे, हाताला घट्ट लागते. अंग गरम आहे. तोंड दोन बोटांएवढंच उघडतं. मघाशी दूध दिलं तर घोट घ्यायला वेळ लागत होता.

दातांचा_डॉक्टर
मग परवापर्यंत थांबायचं नाही. आजच, आत्ताच. जबड्याखालची घट्ट सूज, ताप आणि गिळायला त्रास हे एकत्र आलं की संसर्ग घशाकडे उतरतोय असं धरून चालायचं. श्वासनलिका दाबली जाऊ शकते. शुगर असेल तर संसर्ग आणखी लवकर पसरतो. दातांचा दवाखाना शोधत बसू नका, थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. पू काढावा लागेल, अँटिबायोटिक शिरेतून द्यावं लागेल. सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि स्टेंटची फाइल बरोबर घ्या. शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहा. आडवं झोपवून नेऊ नका, बसवून न्या. श्वास लागला किंवा लाळ गळायला लागली तर १०८.

चाटीगल्ली
शेक देऊ नका मग. खरंच लवकर न्या.

होटगीरोडकर
निघतोय. सिव्हिललाच नेतो. गड्डा यात्रेच्या गर्दीत गाडी जाईल का?

सातरस्ता
पंचकट्टा आणि होम मैदानाकडून अजिबात येऊ नका, यात्रेची सगळी गर्दी तिथेच आहे. आसरा चौकातून सात रस्ता, तिथून रंगभवनमार्गे या. पोलिसांनी अडवलं तर पेशंट आहे म्हणून सांगा, सोडतात. मी जवळच आहे, काही लागलं तर इथे लिहा.