मदत हवी आहे: गेडिसची पत्रं नक्की आहेत कुठे?

रानजाई
पॅट्रिक गेडिसची पत्रं हवी आहेत. कुठे मिळतील? स्कॉटलंडमधल्या एका ग्रंथालयाला मेल टाकला होता, तीन आठवड्यांनी उत्तर आलं की या क्रमांकाचं आमच्याकडे काही नाही. सोमवारी गाईडना प्रकरण द्यायचंय. माहीत असणाऱ्यांनीच लिहा प्लीज, विकिपीडिया वाचून झालाय.

सदूकाका
भाऊ, कोण हे गेडिस? दोन ओळी लिहिल्या असत्या तर आमच्यासारख्यांनाही कळलं असतं.

ग्रंथकीटक
काका, मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग उघडला तेव्हाचे पहिले प्राध्यापक. मूळचे स्कॉटिश, शिकले जीवशास्त्र, डंडीत वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि नाव झालं नगररचनेत.
धागाकर्ते, पत्रं म्हणजे कुठली? त्यांनी लिहिलेली की त्यांना आलेली? भारतातल्या काळातली की आधीची? टागोरांशी झालेला पत्रव्यवहार तर पुस्तकरूपात छापलेला आहे, अमेरिकेतले शहरांवर लिहिणारे लुईस ममफर्ड, त्यांच्याशी झालेलाही. तो चालणार असेल तर कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात मिळेल.

रानजाई
छापलेली नकोत. इंदूरची. आणि मी ताई आहे.

होळकरवाडा
इंदूर म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या आजोबांकडून ऐकलेली गोष्ट, पुढे पुस्तकातही वाचली. प्लेगचे दिवस. गेडिससाहेबांनी महाराजांकडून एका दिवसाचं राजेपण मागून घेतलं आणि दिवाळीची मिरवणूक काढली. दवंडी अशी की ज्या गल्ल्या सगळ्यात स्वच्छ, मिरवणूक तिथूनच जाणार. लोकांनी घरं-अंगणं झाडून लखलखीत केली. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि भला मोठा उंदीर! आज स्वच्छतेचे पुरस्कार घेताना हे कुणाला आठवतं? ताई, इंदूरला आलात तर पोहे माझ्याकडून.

ग्रंथकीटक
पोहे राहू द्या. इंदूरचा अहवाल १९१८ चा, दोन खंडांत, होळकर संस्थानच्या छापखान्यात छापलेला. त्याचं स्कॅन नेटवर आहे. ताई, तुम्हाला अहवालच तर नको आहे ना?

रानजाई
अहवाल माझ्या टेबलावर आहे!! पत्रं म्हणतेय.

पेठेतला
अहवाल आहेच तर तो महापालिकेतल्या साहेबांना वाचायला द्या. जुन्या वस्तीतून सरळ रेघ ओढून रस्ता काढायच्या गेडिस विरोधात होते. पडायला आलेली चार-दोन घरं काढा, तिथे मोकळा चौक करा, विहीर आणि झाड ठेवा, बाकीच्यांना हात लावू नका. 'कॉन्झर्व्हेटिव्ह सर्जरी' म्हणायचे. आमच्या पेठेत रस्तारुंदीत वाडे अर्धे कापले. भिंतीवरचा देवळीचा कोनाडा आता थेट फुटपाथवर उघडतो, त्यात कुणीतरी पाण्याची बाटली ठेवून जातं.

मालवणी_बोका
गेडिसचं मोठेपण मान्य, पण मुंबईचा विभाग उभा केला तो घुर्ये सरांनी. आमच्या मालवणचे. १९२४ पासून विभाग त्यांच्याकडे. गेडिस अर्धा वेळ बाहेरगावचे आराखडे करत फिरायचे.

ग्रंथकीटक
घुर्यांना परदेशी शिकायला पाठवण्यामागे गेडिसच होते हो. आणि फिरल्याशिवाय गाव कळत नाही, हेच तर त्यांचं म्हणणं. आधी पायी हिंडा, मग पेन्सिल उचला.

मालवणी_बोका
असहमत. वेगळा धागा काढतो.

शुद्धलेखनवाला
उच्चार गेडिस, गेडेस, गेड्डेस? जुन्या मराठी लेखांत तिन्ही सापडतात. आधी हे ठरवा, शोधताना फरक पडतो.

क्लाइडकाठी
मी ग्लासगोत असतो. दोन वर्षांपूर्वी एका मित्रासाठी ही पत्रं बघायला गेलो होतो, म्हणून सांगतो. गेडिसचे कागद एका जागी नाहीत. मोठा साठा एडिंबऱ्यात, स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात. काही एडिंबरा विद्यापीठात. तिसरा इथे ग्लासगोत, स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाच्या अभिलेखागारात. ताई, तुम्ही मेलमध्ये क्रमांक दिला होतात म्हणता. तो काय होता?

रानजाई
एका जुन्या प्रबंधाच्या तळटीपेत होता. टी-जीईडी ९, तिरकी रेघ, पुढे आकडे. झेरॉक्स काढताना पानाची खालची ओळ कापली गेलीय, त्यामुळे पुढचे आकडे अर्धेच दिसतात. हे महत्त्वाचं आहे का?

क्लाइडकाठी
अहो, तेच तर सगळं आहे! टी-जीईडी ही स्ट्रॅथक्लाइडची खूण. मेल एडिंबऱ्याला केला असेल तर 'आमच्याकडे नाही' हे उत्तर बरोबरच होतं. ९ ही मालिका पत्रव्यवहाराची. यादी ऑनलाइन आहे, सध्या पत्र पाठवणाऱ्याचं नाव आणि साल टाकून शोधा.

रानजाई
देवा. तीन आठवडे. साल १९१७ असावं.

ग्रंथकीटक
१९१७ असेल तर जपून वाचा. त्या एप्रिलमध्ये थोरला मुलगा अ‍ॅलस्डेर फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. बायको ॲना इकडे भारतात आजारी, तिला त्यांनी ते कळूच दिलं नाही. जूनमध्ये तीही गेली. १९२३ साली ममफर्डला पहिल्यांदा भेटले तेव्हा त्याच्यात त्यांना अ‍ॅलस्डेर दिसला. ममफर्डने पुढे आपल्या मुलाचं नाव गेडिस ठेवलं. तो मुलगाही दुसऱ्या महायुद्धात, १९४४ ला इटलीत मारला गेला.

सदूकाका
हे वाचून चहा गार झाला.

क्लाइडकाठी
ताई, आणखी एक. स्कॅन मागवाल तेव्हा मोठ्या आकारात मागवा. अक्षर भयंकर आहे. ओळ संपली की समासात वर चढते. मी एका पानावर पाऊण तास घालवला आणि शेवटी कळलं की मी कागद उलटा धरलाय. मधेच चौकटींच्या आकृत्याही येतात. मेक्सिकोत काही काळ गेडिसचे डोळे गेले होते तेव्हा कागदाच्या घड्या चाचपून विचार मांडायची सवय लागली, ती जन्मभर राहिली.

रानजाई
आत्ताच तिकडे मेल टाकला. सोमवारपर्यंत काही येणार नाही, गाईडना तळटीप कंसात ठेवून देते. झेरॉक्स खिडकीशी धरून बघितला, शेवटचा आकडा ३ आहे की ८ ते अजून कळत नाही. क्लाइडकाठी, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, बघाल का?

स्वप्नील_उडाण
स्कॉटलंडला जायचं असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, यूकेचाच चालतो. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट तयार ठेवा.

रानजाई
मी कुठे जातेय?