अखंड दिव्याची वात तीन तासांत करपते, देवघरभर जळका वास: दोष कापसाचा की तेलाचा?

वेंगुर्ल्याची_पडवी

घटस्थापनेला दहा-बारा दिवस उरलेत आणि अखंड दिवा काही केल्या धड चालत नाहीये. दिवा पितळी आहे, मधोमध वातीची उभी नळी, तेलाची वाटी खोल पण तोंडाला जेमतेम ४ सेंमी, वरून काच. तेल घाणीचं तिळाचं. कापूस बाजारातल्या पाकिटातला, वात घरी वळलेली. पहिला तास-दीड तास ज्योत सुरेख असते. मग ती बसत जाते, तिसऱ्या तासाला टोकावर काळं टणक बोंड धरतं आणि करपलेल्या फडक्यासारखा वास सुटतो. त्या वेळी वाटीत तेल अर्ध्याहून जास्त असतं, म्हणजे तेल संपलेलं नसतं. काजळी झाडली की पंधरा मिनिटं बरं, पुन्हा तेच. वात जाड करून पाहिली तर धूर वाढला. नऊ दिवस हा दिवा नीट चालवायचा आहे, नेमकं काय बदलू?

लामणदिवा

ताई, तुमच्या "अर्ध्याहून जास्त" या शब्दांतच मेख आहे. वाटीत तेल किती उरलंय ते बाजूला ठेवा, ज्योतीपासून तेल किती खाली गेलंय ते बघा.

रॉकेल पातळ, ते कंदिलाच्या वातीतून चांगलं वर चढतं. तिळाचं किंवा शेंगदाण्याचं तेल त्याच्यापेक्षा कितीतरी घट्ट. ते दीड-दोन सेंमीच्या वर चढतं, पण ज्योतीला पुरेल इतक्या वेगानं नाही. तेल पोचत असतं तोवर वातीचं टोक ओलं राहतं आणि जळते ती तेलाची वाफ. पुरवठा तुटला की टोक कोरडं पडतं आणि ज्योत कापूसच खायला लागते. तुम्हाला येतो तो वास त्या कापसाचा. त्यावर अर्धवट जळलेलं तेल साचून बोंड होतं, ते बोंड उरलेली वाटही बंद करतं.

आता हिशेब. मध्यम वातीला तासाला साधारण ३ ते ४ मिली तेल लागतं. तीन तासांत १० मिली धरा. ४ सेंमी तोंडाच्या वाटीत १० मिली गेले की पातळी ८ मिमी उतरते. तेच १० मिली ९ सेंमीच्या पसरट समईत गेले तर पातळी जेमतेम दीड मिमी उतरते. समई रात्रभर शांत तेवते ती एवढ्यामुळेच. तुमचा दिवा अरुंद आणि खोल, तो तेल साठवतो भरपूर, पण वातीला देत नाही.

तेव्हा पहिलं काम: तेल नळीच्या तोंडाच्या ५ मिमी खाली येईल इतकं भरा आणि दर दोन तासांनी दीड चहाचा चमचा, म्हणजे ७-८ मिली, काठावरून हळू सोडा. वातीवर ओतू नका. वात नळीबाहेर ३ ते ४ मिमीच ठेवा. जाड वात तुमच्या दिव्यात उलटी पडणार, कारण ज्योत मोठी झाली की मागणी वाढते आणि पुरवठा तेवढाच राहतो.

सरकी_पिंजण

पातळीचं वरचं उत्तर बरोबर आहे, पण पाकिटातल्या कापसाची परीक्षा केल्याशिवाय पुढे जाऊ नका. चिमूटभर तंतू चिमट्यात धरून काडी लावा. निव्वळ कापूस कागदासारखा जळतो, राखाडी मऊ राख राहते, बोटात चोळली की पीठ होते. भेसळीचा धागा ज्योत जवळ येताच आधी आक्रसतो, वितळतो आणि गार झाल्यावर टणक काळा मणी उरतो. असा मणी वातीच्या टोकावर बसला की खालचं तेल वर येणंच बंद.

औषधाच्या दुकानातला धुतलेला कापूस शुद्ध असतो, पण तंतू आखूड, वात भुसभुशीत होते आणि लवकर ढासळते. सरकी काढून हाताने पिंजलेला लांब धाग्याचा कापूस सगळ्यात चांगला. सरकीचा तुकडा किंवा टरफल आत राहू देऊ नका, ते ज्योतीत तडकतं.

वळताना जाडी बॉलपेनच्या रिफिलएवढी, ३ मिमीच्या आसपास. सगळीकडे सारखा पीळ द्या. टोक छान दिसावं म्हणून तिथे जास्त पीळ देण्याची सवय बहुतेकांना असते, आणि नेमकी तिथेच वात गळा आवळल्यासारखी होते. नळीत घातल्यावर वात खालून चिमटीत धरून किंचित ओढली तर सरकली पाहिजे. ओढताना अडकत असेल तर नळी तिला दाबतेय, चार तंतू कमी करा.

आणखी एक. पावसाळा सरत आला तरी आपल्याकडची हवा ओली असते, उघड्या डब्यातला कापूस दमट होतो. वळलेल्या वाती एक दिवस कडक उन्हात टाका, मग झाकणाच्या बरणीत. पेटवण्याआधी निदान तासभर तेलात पूर्ण बुडवून ठेवा. कोरड्या टोकाला काडी लावली की पहिल्या मिनिटालाच टोक करपतं आणि ते करपलेलं टोक पुढे दिवसभर त्रास देतं.

घाणीचं_तेल

घाणीचं तेल म्हणजे शुद्ध, हे खायला ठीक. दिव्यासाठी ते तसंच वापरू नका. त्यात पेंडीचा बारीक गाळ आणि डिंकासारखा चिकट अंश असतो, तो वातीत अडकून राहतो. बाटली तीन दिवस न हलवता ठेवा, वरचं तेल दुहेरी सुती कापडातून गाळा, तळाचं दोन बोटं तेल सोडून द्या. दिवा तडतडत असेल तर तेलात पाणी आहे. मंद आचेवर बुडबुडे थांबेपर्यंत तापवा, गार करा, मग गाळा.

आपल्या भागात सोपा पर्याय खोबरेल तेलाचा. तिळाच्या तेलापेक्षा ते पातळ असतं, वातीत चांगलं चढतं, काजळी कमी धरतं आणि हवेत चिकट होत नाही. अडचण थंडीची: साधारण २४ अंशांच्या खाली ते थिजू लागतं. आश्विनात चिंता नाही, पण मार्गशीर्षात पहाटे नळीच्या तळाशी गोठून बसलं की हीच करपण्याची तक्रार पुन्हा येते. तेव्हा निम्मं तिळाचं मिसळा.

उंडीचं तेल पूर्वी किनारपट्टीवर दिव्याला वापरत, पण त्याला धूर आणि उग्र वास असतो. बंद देवघरात नको. जवसाचं तेल तर अजिबातच नको, ते हवेत सुकून वातीवर वार्निशासारखा थर धरतं. तळणीचं उरलेलं तेलही नको, त्यात मीठ, हळद, पीठ सगळं असतं. तेलात कापूर चुरून टाकतात त्यानं काजळी वाढते. आणि तेल पातळ करायला रॉकेल मिसळण्याचा सल्ला कुणी दिला तर कृपा करून ऐकू नका. काचेच्या दिव्यात तेल तापतं, रॉकेलाची वाफ भडकू शकते.

वेंगुर्ल्याची_पडवी

सगळ्यांचे मनापासून आभार. काडी लावून पाहिली: टणक मणी राहिला, म्हणजे कापसात भेसळ आहे. हातपिंज कापूस मागवते. नळी काढली तर आतून हिरवट लेप आणि तळाचं तेलही हिरवं. हे तेलाचं का पितळेचं?

लामणदिवा

दोघांचं मिळून. जुनं तेल खवट होताना आंबट होतं, ते पितळेतलं तांबं उचलतं आणि हिरवा, साबणासारखा लेप तयार होतो. खाऱ्या हवेत हे लवकर होतं. तो लेप वातीत चढला की तंतूंमधली जागाच बुजवतो. तेल बदललं नाही तर नवी वातसुद्धा दोन दिवसांत तशीच होईल.

सगळं तेल काढा. नळी आणि वाटी गरम पाण्यात साबणानं धुऊन आधी तेलकटपणा घालवा, मग आमसुलाच्या घट्ट पाण्यात वीस मिनिटं बुडवा. नळीतून सुती चिंधी सुतळीला बांधून आरपार ओढा, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. शेवटी साध्या पाण्यानं तीनदा धुवा. आमसुलाची आंबटी किंवा घासायची पावडर नळीत राहिली तर हिरवं पुन्हा धरणारच. उन्हात पूर्ण सुकवून मगच तेल घाला. दिवा चालू असताना जुन्या तेलात नवं ओतत राहावंच लागतं, पण नवव्या दिवसानंतर उरलेलं तेल दिव्यात ठेवू नका.

रोज एकदा वात सारताना आधी दुसरं निरांजन याच ज्योतीवर लावून बाजूला ठेवा. मग चिमट्यानं बोंड हलकेच काढा, कातरून नव्हे, कातरलं की टोक सपाट होऊन ज्योत दोन फाट्यांनी जळते. वात २ मिमी वर घ्या, ती निमाली तर निरांजनावरून पुन्हा लावता येते.

रात्री दोन-दोन तासांनी उठणं जमणार नसेल तर झोपण्यापूर्वी ज्योत त्याच नेमानं ९-१० सेंमीच्या पसरट समईत घ्या आणि पहाटे परत या दिव्यात आणा. समई काठोकाठ भरू नका, २ मिमी मोकळं ठेवा, नाहीतर वातीच्या बाजूनं तेल पाझरून पाटावर उतरतं.

सरकी_पिंजण

काचेचं राहिलंच. काच बुडाशी पूर्ण टेकत असेल तर खालून हवा मिळत नाही, ज्योत लाल होते आणि धुरकटते. काचेखाली तीन ठिकाणी ५-५ मिमीच्या पितळी चकत्या सरकवा. त्यानंतरही ज्योत थरथरत असेल तर समुद्राकडची खिडकी रात्री लोटून घ्या.