मदत हवी आहे: आईच्या पोटफुगीबद्दल डॉक्टरांशी कसं बोलू?

आई ५६ वर्षांची आहे, पाळी जाऊन ५ वर्षं झाली. गेले दोन महिने तिचं पोट जवळजवळ रोज फुगलेलं असतं. अर्ध्या भाकरीतच पोट भरतं, ओटीपोटात दुखतं, लघवीला सारखं जावं लागतं. फॅमिली डॉक्टरांनी दोनदा गॅसच्या गोळ्या दिल्या, फरक नाही. आई म्हणते, "वयानुसार होतंच गं."

मला मात्र हा अंडाशयाचा कॅन्सर तर नसेल ना, या भीतीने झोप लागत नाही. सख्ख्या मावशीला चाळिशीतच स्तनाचा कॅन्सर झाला होता, आणि घराण्यात बीआरसीए जनुकाचा दोष असेल तर अंडाशयाच्या कॅन्सरचाही धोका वाढतो. आईची पॅप स्मिअर नॉर्मल आली होती, पण ती तपासणी गर्भाशयमुखाची, अंडाशयाचं त्यात कळत नाही.

सोमवारी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातोय. रोज काय त्रास होतो ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. योनीमार्गातून करतात ती सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी, या दोन्हींबद्दल आपणहून विचारलं तर चालतं ना? आणि आई तिथे "काही नाही, बरी आहे मी" म्हणाली तर तिला न दुखावता मी मध्ये कसं बोलू? आईसाठी, सासूबाईंसाठी कुणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.