मदत हवी आहे: अप्पांचा पेसमेकर, आईला बॉडी स्कॅनरची धास्ती आणि दाजींचं बिझनेस क्लास

हुटगीरोडवाला:
नमस्कार मंडळी. सोलापूरहून लिहितोय. दिवाळी झाली की आई-अप्पा अक्काकडे डॅलसला निघणार आहेत, मुंबई–फ्रँकफर्ट–डॅलस असं. दोघांचाही पहिलाच परदेश प्रवास. व्हिसा सुरळीत झाला, तिकिटं मात्र अडून राहिलीत, आणि तीही सिक्युरिटीतल्या त्या मशीनपायी. ते काचेचं, ज्यात हात वर करून उभं राहतात ते.

अप्पांना पेसमेकर बसवलाय. कॉलनीतल्या एका काकांनी त्यांच्या डोक्यात भरवलंय की त्या मशीनमध्ये गेलं की पेसमेकर बंद पडतो. आईचं वेगळंच. तिला भिशीत कुणीतरी सांगितलं की त्यात कपड्यांच्या आतलं सगळं दिसतं आणि आत एक माणूस बघत बसलेला असतो. "मी नाही त्यात उभी राहणार, लेकीला व्हिडिओ कॉलवर बघते" इथपर्यंत आलंय प्रकरण.

यावर दाजींचा तोडगा असा: त्यांचे पॉइंट्स वापरून दोघांना बिझनेसमध्ये बसवायचं. त्यांच्या म्हणण्यानुसार प्रीमियम चेक-इनवाल्यांना वेगळ्या वाटेनं नेतात, तिथं स्कॅनर-बिनर काही नसतं. पॉइंट्स टाकूनही वर बरीच रक्कम भरावी लागतेय. जावयाचा शब्द मोडायचा नाही, पण मशीन टाळायला म्हणून एवढे पैसे घालायचे का? बिझनेसवाल्यांना खरंच स्कॅनर नसतो का? आणि "आम्हाला स्कॅनर नको" असं सरळ सांगता येतं, असं कुठंतरी वाचलंय, ते कसं सांगायचं? दोघांनाही इंग्रजी जेमतेम येतं.

भीमाकाठ:
विमानतळावर ग्राउंड स्टाफला काम केलंय, म्हणून लिहितो. दाजी दोन वेगळ्या खिडक्यांची गल्लत करतायत. चेक-इन काउंटर एअरलाइनचा. तिथं पैसे मोजलेत की वेगळी रांग, बॅगेला प्रायॉरिटीचा टॅग, लाउंज, सगळं मिळतं. सिक्युरिटी एअरलाइनच्या हातात नसते. आपल्याकडे मोठ्या विमानतळांवर सीआयएसएफ (केंद्राचं सुरक्षा दल), अमेरिकेत टीएसए (तिथलं प्रवाशांची तपासणी करणारं सरकारी खातं). बिझनेसवाल्याला फार तर छोटी रांग मिळते, पण रांगेच्या टोकाला तपासणी तीच, मशीनही तेच. लुफ्तान्साचं फ्रँकफर्टला फर्स्ट क्लासवाल्यांसाठी २००४ पासून वेगळं टर्मिनलच आहे, तिथं रांग नावालाही नाही. तरी तपासणी तिथंही होतेच. पैशानं वेळ वाचतो, झडती चुकत नाही.

मुंबईत काय होईल ते सांगतो. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी दाराच्या चौकटीसारखा मेटल डिटेक्टर आणि मग जवानाच्या हातातलं यंत्र, एवढंच असतं. अप्पांनी चौकटीच्या अलीकडेच थांबायचं, पेसमेकरचं कार्ड दाखवायचं आणि हातानं तपासा म्हणून सांगायचं. जवानांना हे रोजचंच असतं. बायकांची तपासणी पडद्याआड, महिला जवानच करते.

शेवंती_डॅलस:
मी डॅलसलाच असते, माहेर जुळे सोलापूर. आधी एक गोष्ट, जी इथं कुणी बोललंच नाही. मुंबई–फ्रँकफर्ट–डॅलस या मार्गात जाताना टीएसएशी गाठच पडत नाही! डॅलसला उतरलं की इमिग्रेशन, सामान, कस्टम्स आणि बाहेर. पुढं अमेरिकेतलंच दुसरं विमान पकडायचं असेल तरच टीएसएची रांग. तुमच्या आई-अप्पांना टीएसए भेटणार ती परतीला, आणि तेव्हा सोडायला अक्का असेल. जाताना स्कॅनर लागला तर तो फ्रँकफर्टला, कारण भारतातून आलेल्या प्रवाशांची विमान बदलताना तिथं परत तपासणी होते.

आता नकार कसा द्यायचा ते. अमेरिकेत मशीनमध्ये पाऊल टाकायच्या आधी "आय ऑप्ट आउट" एवढंच म्हणायचं. कारण कुणी विचारत नाही, द्यायचीही गरज नाही. मग बाजूला उभं करतात आणि बाईसाठी बाई, पुरुषासाठी पुरुष अधिकारी बोलावतात. कधी लगेच येतात, कधी बराच वेळ तिष्ठत ठेवतात. तेवढ्या वेळात आपला ट्रे पट्ट्यावर पुढं गेलेला असतो. पर्स, मोबाइल, बांगड्या सगळं त्यात. नजर त्याच्यावर ठेवायची आणि "माझा ट्रे तो" असं बोटानं दाखवून ठेवायचं.

मी पहिल्या गरोदरपणात दर खेपेला नकारच द्यायचे. ती बाई हातमोजे घालते, आधी सगळं तोंडी सांगते, मग डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवते. केस, कॉलर, कमरेचा पट्टा आतून बोटं घालून, मांड्या. नाजूक जागी हाताची पालथी बाजू लावते. शेवटी हातमोज्यांवर कापडाची पट्टी फिरवून ती यंत्रात घालते, स्फोटकांचा अंश आहे का बघायला. आडोशाची खोली मागता येते, सोबत आपलं माणूस नेता येतं, बसायला खुर्चीही मागता येते. कुणी वाईट वागलं नाही, पण लाजाळू बाईला हे सोपं नाही हो. तुमच्या आईंना मशीनची लाज वाटते म्हणताय, त्यांना हे चालेल का? आधी विचारा.

आणखी एक. नकाराचा हक्क दर वेळी चालेलच असं नाही. २०१५ च्या डिसेंबरपासून काही प्रवाशांना स्कॅनर सक्तीचा करायची मुभा टीएसएनं ठेवलीय. बोर्डिंग पासवर इंग्रजी एस चार वेळा छापून आला असेल तर जादा तपासणी ठरलेली.

हुटगीरोडवाला:
टीएसए परतीलाच लागणार हे डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद ताई. फ्रँकफर्टला नकार चालतो का? आणि "आतलं सगळं दिसतं" यात तथ्य किती?

रेडिओलॉजीची_रात्रपाळी:
दोन्हीचं सांगते. युरोपियन युनियनच्या २०११ च्या नियमांप्रमाणे तिथं स्कॅनर नाकारता येतो, बदल्यात हातानं तपासणी. क्ष-किरण वापरणारे बॉडी स्कॅनर तर त्यांनी तेव्हाच बाद केले.

भिशीतली गोष्ट निव्वळ थाप नाही, जुनी आहे. अमेरिकेत पूर्वी क्ष-किरणांवर चालणारी मशिनं होती, त्यात शरीराचा आकार बऱ्यापैकी कळायचा आणि दुसऱ्या खोलीत बसलेला अधिकारी तो बघायचा. यावरून तिथं रण माजलं आणि २०१३ मध्ये ती मशिनं विमानतळांवरून उचलली. आता मिलिमीटर लहरींची असतात. त्यात क्ष-किरण नाहीत आणि खोलीत बसलेला माणूसही नाही. मशीनशेजारच्या पडद्यावर एक बाहुला येतो, सगळ्यांना तोच. संशय असेल तिथं त्या बाहुल्यावर पिवळा चौकोन. हा पडदा प्रवाशालाही दिसतो. आईंना यूट्यूबवर एकदा दाखवा, निम्मी भीती तिथंच जाईल.

चौकोन कुठं येतो, तर जिथं कापड जाड किंवा घड्यांचं. साडीच्या निऱ्या, कमरेला खोचलेला पदर, अंबाडा. तेवढ्याच जागी हात लावून बघतात. पूर्ण झडतीपेक्षा ते कितीतरी कमी. पंजाबी ड्रेस आणि साधी वेणी घातली तर तेही बहुधा टळेल.

अप्पांचं म्हणाल तर कॉलनीतल्या काकांनी उलटं सांगितलंय. पेसमेकरवाल्यांनी चौकटीच्या मेटल डिटेक्टरमधून जाऊ नये असं टीएसए स्वतः सांगते, स्कॅनर किंवा हातानं तपासणी घ्यावी म्हणते. चौकटीतून सरळ चालत गेल्यानं काही होत नाही असं बरेच हृदयरोगतज्ज्ञ सांगतात, पण तिच्याजवळ रेंगाळू नये. हातातलं यंत्र छातीवर धरून ठेवू देऊ नये, ते खरं. ज्यांनी पेसमेकर बसवला त्या डॉक्टरांना एकदा विचारा आणि कार्डाची झेरॉक्स नको, मूळ कार्ड खिशात हवं.

पार्क_चौक:
एवढं कशाला? दोघांना व्हीलचेअर सांगून टाका. फुकट असते, रांग नाही, इंग्रजीची कटकट नाही. आमच्याकडचे सगळे तेच करतात.

भीमाकाठ:
आणि ज्याला खरंच गुडघ्याचा त्रास आहे तो विमानाच्या दारात ताटकळतो, कारण खुर्च्या धडधाकट माणसांनी अडवलेल्या. मी हे रोज बघितलंय म्हणून तिडीक येते. भाषेचीच अडचण असेल तर एअरलाइनला फोन करून "मीट अँड असिस्ट", म्हणजे विमानतळावर सोबतीला माणूस मिळतो का, ते विचारा. मुंबईत पैसे भरून तशी सेवा मिळते, बिझनेसच्या तिकिटापुढं किरकोळ. बाकी खुर्चीत बसलं तरी झडती होतेच, उभं राहता येत नसेल तर हातानं.

पार्क_चौक:
बरं बरं. पण अप्पांचं वय आणि पेसमेकर बघता त्यांना तरी घ्या की ओ. फ्रँकफर्टला चालायला लई अंतर आहे.

भीमाकाठ:
अप्पांना घ्या, त्याला ना नाही.

नोकरी_पुण्यात:
टीएसए प्रीचेक (आधीच चौकशी झालेल्यांसाठीची सोपी तपासणी) काढलं तर? आमच्या साहेबांकडे आहे, ते बूटही काढत नाहीत.

शेवंती_डॅलस:
बूट आता कुणालाच काढावे लागत नाहीत, जुलै २०२५ पासून तो नियमच गेला. भारतीयांना ग्लोबल एंट्रीतून (अमेरिकेत इमिग्रेशन झटपट व्हायची योजना) प्रीचेक मिळतं, पण १२० डॉलर, चौकशी, मुलाखत, आणि हे सगळं परतीच्या एका रांगेसाठी. शिवाय प्रीचेकच्या रांगेत बहुधा चौकटीचा मेटल डिटेक्टरच असतो, म्हणजे अप्पांना नको तोच!

त्यापेक्षा परतीच्या ७२ तास आधी अक्काला टीएसए केअर्सला फोन करायला सांगा. आजारपण, उपकरण असं काही असलं की ते विमानतळावर मदतीला माणूस द्यायचं बघतात. तेही फुकट.

हुटगीरोडवाला:
रात्री जेवताना दोघांना व्हिडिओ दाखवला. आई म्हणाली, "एवढंच? मग त्या बाईचा हात लावून घेण्यापेक्षा हे बरं." म्हणजे ती स्कॅनरमधून जाणार. अप्पा सोमवारी डॉक्टरांना विचारून ठरवतील, व्हीलचेअर त्यांच्या एकट्यासाठी लावतोय. मुंबईपर्यंत सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं नेतो. आता इथून मुंबईचं विमान आहे खरं, पण देशांतर्गतला सहसा १५ किलोच नेऊ देतात आणि आईच्या दोन बॅगा आत्ताच भरल्यात. तिकीट इकॉनॉमीचंच काढतोय. दाजींना अक्का सांगेल, मी नाही बोलणार.

शेवटचं एक विचारतो. आईनं शेंगाचटणी केबिन बॅगेत घातलीय, म्हणे चेक-इनच्या बॅगेत फुटते. चालेल का?

शेवंती_डॅलस:
भुकटी ३५० मिलीच्या वर असली तर अमेरिकेच्या विमानाला केबिनमध्ये अडवू शकतात, २०१८ पासूनचा नियम आहे. मोठ्या बॅगेतच घाला. दोन पिशव्या, मध्ये वर्तमानपत्र, आणि चादरीच्या घडीत ठेवा. आणि जराशी जास्तच पाठवा, अक्काकडून मी घेईन.