पर्वत चार किलोमीटर उंच, तरंग सहा हजार किलोमीटर लांब: हे कसे?

प्रश्न:
रॉकी पर्वतरांग किंवा तिबेटचे पठार यांच्यामुळे मध्य अक्षांशांतील पश्चिमी वाऱ्यांत हजारो किलोमीटर लांबीचे स्थिर, म्हणजे एकाच जागी टिकून राहणारे, तरंग का उठतात? शिवाय हवामानाच्या संगणकीय प्रारूपांत जाळीच्या प्रत्येक चौकटीत भूपृष्ठाची सरासरी उंची भरली जाते, मग सुळके आणि खिंडी पुसल्या गेल्यावरही हे तरंग खरे उतरतात का?

उत्तर १:
तरंगाची लांबी पर्वत ठरवत नाही, ती पृथ्वीचे परिवलन आणि वाऱ्याचा वेग ठरवतात. हवेचा स्तंभ रुंद पर्वतावर चढताना आखूड होतो, त्याची भ्रमिलता, म्हणजे स्वतःभोवती फिरण्याची गती, घटते आणि उत्तर गोलार्धात तो दक्षिणेकडे वळतो. उतरल्यावर तो पुन्हा ताणला जातो, परंतु आता कोरिऑलिस परिणाम (परिवलनामुळे वारा वळण्याचा परिणाम) कमी असलेल्या अक्षांशावर आल्यामुळे चक्रवाती, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट, वळण घेऊन उत्तरेकडे परततो, मूळ अक्षांश ओलांडतो आणि हा हेलकावा पुढे चालू राहतो. ४५ अंशांवर वारा सेकंदाला १५ मीटर असेल, तर जागेवर टिकणाऱ्या अशा हेलकाव्याची, म्हणजेच रॉस्बी तरंगाची, लांबी सुमारे ६,००० किलोमीटर येते. चार्नी आणि एलियासेन या हवामानशास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये केवळ भूरचना व घर्षण धरून, एकाच अक्षांशावरील अगदी साध्या प्रारूपातून हिवाळ्यातील तरंगरचना बरीचशी मिळवली होती. इतक्या थोड्या सामग्रीवर ते जमले, हे मला आजही विलक्षण वाटते.

उत्तर २:
वरील उत्तरात एक भर घालतो. सगळे श्रेय पर्वतांना देऊ नये, कारण जमीन व समुद्र यांच्या असमान तापण्यातूनही स्थिर तरंग निर्माण होतात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. सरासरीचा प्रश्न मात्र उरतोच.

उत्तर १:
रुंद पठाराचा ढोबळ आकार सरासरीत टिकतो. हरवतो तो अरुंद कड्यांचा अडथळा. त्या कड्यांवरून उठणारे गुरुत्व तरंग (वर ढकललेली हवा वजनाने पुन्हा खाली येताना उठणारे लहान हेलकावे) वर जाऊन फुटतात आणि तेथील वाऱ्याचा संवेग कमी करतात, पण ते जाळीत दिसत नाहीत. त्यामुळे जुन्या प्रारूपांत हिवाळ्यातील पश्चिमी वारे प्रमाणाबाहेर जोरदार होत असत. १९८० च्या दशकात यावर प्रथम पर्वतांची उंची मुद्दाम वाढवून पाहिली गेली, आणि पुढे या न दिसणाऱ्या तरंगांचा रोध, म्हणजे वाऱ्याला होणारा अटकाव, स्वतंत्र सूत्राने धरला जाऊ लागला. दुसरा मार्ग मला अधिक प्रामाणिक वाटतो, कारण त्यात भूरचना खोटी करावी लागत नाही. हा रोध चुकला की वाऱ्याचा वेग चुकतो, आणि स्थिर तरंगाची लांबी त्याच वेगावर अवलंबून असल्यामुळे पर्वतापासून हजारो किलोमीटर पूर्वेकडची द्रोणीही (तरंगातील कमी दाबाचा पट्टा) चुकीच्या जागी जाऊन बसते.