अपोलो १३ आणि जॉन अ‍ॅरन
१९७० मध्ये चंद्राकडे जाताना वाटेतच स्फोट होऊन निकामी झालेल्या अपोलो १३ यानातील अंतराळवीरांच्या सुटकेचे सारे श्रेय नासाचे उड्डाण संचालक जीन क्रँझ यांना अनेकदा दिले जाते; त्यात नियंत्रण कक्षात यानाची वीजयंत्रणा सांभाळणाऱ्या जॉन अ‍ॅरन यांचे नाव यायलाच हवे होते. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी उड्डाणानंतर मिनिटभरातच अपोलो १२वर दोनदा वीज कोसळून ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातील पडद्यांवर यानाकडून येणारे आकडे निरर्थक झाले, तेव्हा अवघ्या २६ वर्षांच्या अ‍ॅरन यांना सुमारे वर्षभरापूर्वीच्या चाचणीत दिसलेली तशीच विस्कळीत आकडेवारी आठवली, कारण त्या वेळी कोणी न सांगता त्यांनी तिचा मागोवा घेतला होता. ‘एससीई टू ऑक्स’ (आकडे पाठवण्याजोगे करणारे एससीई हे उपकरण पर्यायी वीजपुरवठ्यावर टाका) ही त्यांची सूचना कमांडर कॉनरॅड यांनाही उमगली नाही. अ‍ॅलन बीन या सहअंतराळवीराला मात्र ते बटण ठाऊक होते आणि ते फिरवताच आकडे परतले. पाच महिन्यांनी, अपोलो १३चे वीज वाचवण्यासाठी बंद ठेवल्याने थंड पडलेले यान परतीसाठी पुन्हा चालू करताना लागणाऱ्या विजेचा काटेकोर हिशेब बसवण्याची जबाबदारीही अ‍ॅरन यांच्यावरच होती.