टॅबलेटवरच्या रेकॉर्ड प्लेयर अ‍ॅपमध्ये षड्ज हलतो, खरखर दुप्पट येते. सेटिंग काय ठेवावं?

पेटी_खानापूर:
नमस्कार मंडळी. अँड्रॉइडच्या १० इंची टॅबलेटवर रेकॉर्ड प्लेयरसारखं चालणारं म्युझिक अ‍ॅप घातलंय. तबकडी फिरते, आर्म बोटानं उचलून ठेवायचा, बाजू संपली की पालटायची. फाइली तीन प्रकारच्या आहेत: ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) लाखेच्या रेकॉर्डवरून उतरवलेली नाट्यगीतं, एलपीवरून उतरवलेले ख्याल, आणि सीडीवरून घेतलेले अभंग आणि कन्नड वचनं (बसवण्णांसारख्या संतांची पदं). टॅबलेट घरातल्या जुन्या अँप्लिफायरच्या मागच्या ‘फोनो’ सॉकेटला जोडलाय.
अडचणी: आवाज घुमतो आणि फाटतो. जुन्या नाट्यगीतांत खरखर इतकी की शब्द बुडतात. विलंबित ख्यालात षड्ज खालीवर होतो. पेटी घेऊन सोबत वाजवायला बसलं की पट्टी दोन स्वरांच्या मध्ये कुठंतरी येते. शिवाय पैसे भरून डाउनलोड केलेली गाणी अ‍ॅपला दिसतच नाहीत. कुठून सुरुवात करावी?

टिळकवाडी_ऑडिओ:
सुरुवात वायरपासून करा. फोनो सॉकेट फक्त खऱ्या टर्नटेबलच्या कार्ट्रिजसाठी (सुई बसवलेल्या भागासाठी) असतं. कार्ट्रिजकडून मोजके मिलिव्होल्ट येतात, टॅबलेटच्या हेडफोन जॅकमधून त्याच्या शेकडो पट सिग्नल येतो. वर ते सॉकेट खर्ज वाढवून टीप दाबतं, कारण रेकॉर्ड कापताना नेमकं उलटं केलेलं असतं (१९५४ पासूनचं त्याचं ठरलेलं प्रमाण म्हणजे आरआयएए कर्व्ह). म्हणून घुमणंही आणि फाटणंही. वायर ऑक्स, टेप नाहीतर सीडी लिहिलेल्या सॉकेटला घाला. ३.५ मिमी स्टिरिओ पिन ते दोन आरसीए अशी साधी वायर लागते, बेळगावात कुठल्याही इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात मिळते की.
त्यानंतर अ‍ॅपमध्ये ‘फोनो इक्यू’ किंवा ‘आरआयएए’ नावाचं बटण आहे का बघा. असलं तर बंद. तुमच्या फाइली उतरवतानाच दुरुस्त झालेल्या असणार, पुन्हा लावलं तर आवाज कांबळं पांघरल्यासारखा येईल.
‘रंबल’ची (मशीनच्या घरघरीच्या नकलेची) सरकपट्टी शून्यावर आणा. तो ३० हर्ट्झच्या आसपासचा गडगडाट टॅबलेटच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, त्यामुळं माणूस पट्टी वाढवत जातो. मोठ्या स्पीकरला जोडलं की त्याचा पडदा जोरात हलताना दिसतो आणि अँप्लिफायरची ताकद फुकट जाते.
ब्लूटूथ टाळा. सुई टेकते आधी आणि आवाज येतो मागून, मग आर्म नेमका ठेवता येत नाही. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर चार्जर लावून ऐकलंत तर गुणगुण येऊ शकते. अशा वेळी चार्जर काढून टॅबलेट बॅटरीवर चालवा.

तबकडी७८_निपाणी:
खरखरीचं कारण सोपं आहे. फाइलमध्ये खऱ्या रेकॉर्डची खरखर आहेच, अ‍ॅप वरून स्वतःची घालतंय. खात्री करायची तर इफेक्ट पूर्ण बंद करून हेडफोन लावा आणि गाणं सुरू व्हायच्या आधीचे दोन-तीन सेकंद ऐका. सरसर ऐकू आली तर ती फाइलमधलीच. एलपीवर ओरखडा असेल तर ‘टक्’ बरोबर १.८ सेकंदांनी परत येतो, कारण ३३⅓ ला एक फेरा तेवढा वेळ घेतो. ७८ ला तोच टक् पाऊण सेकंदानं येतो.
दोन्ही आवाजांची जातही वेगळी. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची, म्हणून तिचा आवाज अखंड सरसरीचा. एलपीचं विनाइल मुळात शांत, त्यात अधूनमधून टक्-टक्. बहुतेक अ‍ॅप विनाइलचीच टक्-टक् घालतात. ती १९३० च्या नाट्यगीतावर घातली की कानाला खोटी वाटते. तेव्हा पहिल्या दोन प्रकारच्या फाइलींना ‘क्रॅकल’, ‘डस्ट’, ‘वेअर’ सगळं शून्य. हौस असेल तर सीडीच्या अभंगांना थोडं ठेवा, पण आधी अ‍ॅपचा आवाज ३ ते ६ डेसिबल खाली घ्या. सीडीची पातळी आधीच शिगेला असते, वर काही मिसळलं की फाटतं.
आता षड्ज. अ‍ॅपमधली ‘वॉव’ ही पट्टी म्हणजे भोक मध्यभागी नसलेल्या तबकडीची नक्कल. हिशोब बघा: भोक अर्धा मिमी सरकलेलं असेल आणि सुई केंद्रापासून ६० मिमीवर असेल, तर वेग साधारण ०.८ टक्के वरखाली होतो, म्हणजे स्वर १४ सेंट इकडं-तिकडं (पेटीच्या दोन लगतच्या स्वरांमधलं अंतर १०० सेंट). तीन मिनिटांच्या द्रुत पदात ते लपून जातं. विलंबित ख्यालात तंबोरा अखंड चालू असतो आणि गवई षड्जावर थांबतो, तिथं लपायला जागाच नाही. ख्यालाला वॉव आणि फ्लटर (वेगाची जलद थरथर) दोन्ही शून्य ठेवा. मला विचाराल तर गाण्याच्या माणसानं या दोन पट्ट्यांना हातच लावू नये. शून्य करूनही षड्ज हलला तर दोष मूळ रेकॉर्डमध्ये किंवा उतरवणाऱ्याच्या मशीनमध्ये आहे, अ‍ॅपमधून तो जाणार नाही.

पेटी_खानापूर:
वायर बदलली, घुमणं गेलं. खरखर आणि वॉव शून्य केलं, ख्याल स्थिर झाला. पण पट्टी अजून जुळत नाही. पिचचा स्लायडर सरकवला तर लय बदलते, स्वर तिथंच राहतो. आणि तबकडीच्या काठावरचे स्ट्रोबचे (वेग तपासायचे) ठिपके स्थिर दिसतात, म्हणजे वेग बरोबर असायला हवा ना?

तबकडी७८_निपाणी:
ठिपक्यांवर जाऊ नका. खऱ्या मशीनवर ते ५० हर्ट्झच्या दिव्याखाली बघायचे असतात: ३३⅓ ला १८० रेघा, ७८ ला ७७ रेघा, आणि ७७ रेघांनी खरा वेग ७७.९२ निघतो. टॅबलेटवर ते नुसतं चित्र आहे, फाइल कुठल्या वेगानं उतरवली याचा त्याला पत्ता नाही.
स्वर हलत नाही कारण ‘की लॉक’ चालू आहे. काही अ‍ॅपमध्ये त्यालाच ‘मास्टर टेंपो’ म्हणतात. ते बंद करा, मग खऱ्या तबकडीसारखे लय आणि स्वर एकत्र सरकतील.
नंतर मोजायचं कसं: ट्यूनर अ‍ॅपवर आधी तुमच्या पेटीचा षड्ज वाजवा. पेटी ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुराला जुळलेली असेलच असं धरू नका. मग गाण्यातला एखादा लांब थांबलेला षड्ज मोजा. दोन्हींत जितक्या सेंटचा फरक, त्याला १७ नं भागा, तेवढे टक्के स्लायडर. गाणं ३५ सेंट चढं असेल तर उणे २ टक्के. ७८ ची तबकडी ८० नं फिरवून उतरवली तर ४४ सेंट चढते, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधलं जवळजवळ अर्धं अंतर. तुमचं ‘दोन स्वरांच्या मध्ये’ बहुतेक यातूनच आलं असणार.
भोंग्यासमोर गाऊन केलेल्या, १९२५ च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांत तर वेग ७८ असायचाच असं नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची १९०५ च्या सुमाराची रेकॉर्डिंगं त्याच काळातली. तिथं आवाजाचा पोत ऐकून ठरवावं लागतं. ४-५ टक्क्यांच्या पुढं ओढायची वेळ आली तर थांबा. ‘आ’कार पोरकट किंवा घोगरा होतो, त्यापेक्षा पेटीवर दुसरी पट्टी धरलेली बरी.
पट्टी एकदा जमली की स्लायडरवर सोडू नका. संगणकावरच्या ऑडॅसिटी या ध्वनी-संपादनाच्या प्रोग्रामात ‘चेंज स्पीड अँड पिच’नं (जुन्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड’) तेवढेच टक्के लावून नवी फाइल करा, मूळ फाइल जपून ठेवा. ७८ ची फाइल असेल तर त्याच वेळी डावा-उजवा एकत्र करून मोनो करा. गाणं खोबणीच्या आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतला बराच कचरा त्यानं गळतो.

शहापूर_ग्रंथपाल:
डाउनलोडच्या गाण्यांचं राहिलं. स्ट्रीमिंग सेवेची ऑफलाइन गाणी कुलूपबंद असतात, ती त्यांच्याच अ‍ॅपमध्ये वाजतात. आयपॅडवरही तोच प्रकार. दुसऱ्या अ‍ॅपला हवी असतील तर सीडीवरून घेतलेली किंवा कुलूप नसलेली विकत घेतलेली फाइलच लागते.
वचनांची नावं चौकोन किंवा विचित्र अक्षरांत दिसत असतील, तर टॅग (फाइलीत भरलेली नाव-माहिती) जुन्या फाँटात भरलेले आहेत: कन्नडला नुडी, मराठीला श्रीलिपी. संगणकावर एमपीथ्रीटॅग हा टॅग बदलायचा प्रोग्राम उघडा, नावं युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, टॅगचा प्रकार आयडीथ्री २.३ युटीएफ-१६ निवडून सेव्ह करा. लेबलाचं चित्र चौरस ठेवा. अ‍ॅप ते मधून गोल कापतं, म्हणून गायकाचं नाव कोपऱ्यात नको.
बाजूंचं मात्र मनापासून करा. ४० मिनिटांचा ख्याल अख्खा एका तबकडीवर टाकला तर अ‍ॅप वाटेल तिथं बाजू तोडतं, तानेच्या मध्येसुद्धा. एलपीची एक बाजू साधारण २० मिनिटांची. विलंबित एका बाजूला, द्रुत दुसऱ्या बाजूला, असे समेवर कापून दोन तुकडे करा आणि ट्रॅक क्रमांक ०१, ०२ असे भरा. ०१ मधलं शून्य गाळू नका, नाहीतर काही अ‍ॅपमध्ये १० नंबरचं गाणं २ च्या आधी येऊन बसतं.